गार पाण्याची भाकर

लढाईच्या त्या सालात गाडी उशिराच यायची. लोणावळ्याच्या फलाटावर बसल्या बसल्या मुक्ताबाईचे कान पाठीमागच्या दोन अनोळखी बायांकडं गेले.

"कस्तुरे, पोचवलीस व्हय शेवंताला सासरी?"

"पोचवली, मावशी. ठरलंच व्हतं न्हवं, लेकीची भाकर फुगली की धाडायची. तवर माज्यापाशी."

"पर तिची तर कायम तडकायची!"

"तडकायचीच की. वरीसभर तुकडं म्हशीनं खाल्लं. तांदळाच्या पिठाला उकळतं पानी लागतं, म्हनून कितींदा सांगितलं!"

"मग?"

"तिच्या सासूच्या अंगावरनं वारं गेल्याचा सांगावा आला. उजवा हात हलंना तिचा. शेवंता उठली, आधण ठेवलं, उकड मळली आन् भाकर थापली. टम्म फुगली बाई, चहूबाजूंनी!"

"येकाएकी जमली?"

"मीबी तेच इचारलं. म्हनली, 'कवाचीच येती, आये. मुद्दाम गार पानी घालत व्हते.'"

"आगं बया! आन् तू?"

"तिनं पाट मांडला, म्हनली, 'बस आये, मी वाढते.' आन् माज्याच घरात मी पाव्हनीवानी बसले."