परत आलेला नारळ

बालीला जायचं हे ह्यांचं कधीचं ठरलेलं होतं. मीच म्हटलं, "आधी आपल्याच देशातलं एखादं बेट बघू. तिथं माझा जीव थाऱ्यावर राहिला तर पुढचं." म्हणून आम्ही अंदमानला गेलो.

पाणी इतकं निळं, की खालची वाळूसुद्धा दिसत होती. आमची आरू पाण्यात जायला नुसती ओढ घेत होती. मी म्हटलं, "थांब, आधी नारळ सोडू." नृसिंहवाडीला नदीत सोडतो तसा सोडला. नदी घेऊन जाते की. इथं लाटेबरोबर तो परत माझ्या पायाशी आला. पुन्हा सोडला, पुन्हा आला. मला नवल वाटायचं ते वाटलंच, पण मी आरूला मागंही ओढलं.

"समुद्रानं घेतला न्हाय. आरू पाण्यात जायची न्हाय."

"अगं, लाट हाय ती, काठाकडंच येणार की," हे म्हणाले. तोवर आरूनं भोकाड पसरलं होतं.

शेवटी मी कोल्हापूरला सासूबाईंना फोन लावला. "आत्ती, नारळ सारखा परत येतोय. काय करू?"

त्या म्हणाल्या, "नारळ परत देतोय, म्हंजे पोरगी बी परत देतोय की. सोड तिला."

सोडली. पण मनगट घट्ट धरून, मीही गुडघाभर पाण्यात उभी राहिले.

आता ह्यांनी पुन्हा बालीचं काढलंय. मी म्हटलं, "तिथला समुद्र नारळ परत देतो का, तेवढं आधी विचारून घ्या."