अंग क्रांतीचं

मुलांनो, उंब्रजला सरफराजच्या औषधांच्या दुकानापुढं रांगेत आपणही उभे आहोत, असं समजा. आपल्यापुढं जयराज पैलवान आणि त्याची बारा वर्षांची भाची क्रांती. उद्या तिची कुस्ती.

"सरफराज, ताकदीचं इंजेक्शन दे रं."

"डॉक्टरची चिठ्ठी?"

"कशाला? अंग आमचं, मर्जी आमची. सरकारचा काय संबंध?"

"टोचणार कुणाला?"

"हिला. समोरची पोरगी लय दांडगी हाय."

"मग अंग तुझं कुठं, गड्या? तिला इचारलंस?"

"ती काय सांगनार?"

"मी न्हाई टोचून घेनार, मामा. हरले तरी माझ्या ताकदीवर हरीन."

"लोक हसतील."

"हसू देत."

क्रांतीनं मामाच्या खांद्यावरची आपली पिशवी काढून घेतली आणि तालमीची वाट धरली.