प्रयोग क्रमांक एक

(दौंडच्या एका दवाखान्यातला बाक. निमोण्याच्या कस्तुराबाई आणि त्यांची लेक सायली.)

कस्तुराबाई : फाडू नगं ते पान. पाठीमागं तारखा हायेत.

सायली : आणि डॉक्टरांनी हे वाचलं तर? अजून जपून कशाला ठेवलीस गं ही वही?

कस्तुराबाई : तुझं अक्षर हाय. पेटीत व्हती, साड्यांखाली. आन् तूच म्हनलीस ना, जुन्या तारखा लागत्यात म्हनून?

सायली : मी एमएस्सी झाले, आई. त्या पानावर वर काय लिहिलंय, ते बघवत नाही मला.

कस्तुराबाई : मला त्या सुईचं भ्या वाटतंय. डोक्यात टोचनार म्हंजी...

सायली : डोक्यात नाही गं. मागं, मानेच्या वर, कातडीखाली. तिथली नस बधिर करतात. मग दुखणं कमी वेळा उठतं.

कस्तुराबाई : मी फडकं आवळून गाठ मारते, तिथंच की!

सायली : तिथंच. आणि मी त्या फडक्याला हसायचे.

डॉक्टर : (आत बोलावून) या, कस्तुराबाई, बसा. बघू वही. 'प्रयोग क्रमांक एक. आईचं डोकं खरंच दुखतं का?' चार महिन्यांत एकोणतीस दिवस... 'निष्कर्ष : नाही. खुरपणी असली की दुखतं, म्हणजे नाटक.' हे कुणी लिहिलं?

सायली : मी. नववीत होते.

डॉक्टर : दिवसभर ऊन, पोटात काही नाही. अर्धशिशी उठणारच. पण पुढची पानं कोरी का? दुखायचं थांबलं होतं?

सायली : नाही. मी निष्कर्ष आजीला वाचून दाखवला. तिनं सगळ्या भावकीत सांगितला. मग आईनं दुखतंय म्हणायचंच सोडलं. अकरा वर्षं.

कस्तुराबाई : जाऊ दे गं. उलटी आली की बांधाआड जायचं, एवढंच.

डॉक्टर : हे बघा, इंजेक्शननं सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. तुम्हाला येतोय का, ते नोंदीवरूनच कळेल. रोज लिहावं लागेल.

सायली : वहिनी लिहील. माझ्या हातानं नको.

कस्तुराबाई : तिला कशाला? वही हिच्याकडंच द्या, डॉक्टर. येक बी तारीख चुकली न्हाई हिची.