मुक्या बसचा आवाज

सून : बाबा, पाय हलवू नका. प्लास्टरवरून लॅपटॉप पडेल. हं, आता हा दुसरा आवाज ऐका.

सासरे : हा बसचा आवाज? अगं, कुणीतरी रिकाम्या बाटलीत फुंकर मारतंय.

सून : आमच्या कमिटीला हाच आवडला. 'भविष्याचा आवाज' म्हणाले.

सासरे : भविष्यात सगळ्यांच्या बाटल्या रिकाम्याच असणार असतील, तर ठीक आहे.

सासू : तुम्हाला एक तरी पसंत पडणार आहे का? पोर सकाळपासून डोकं फोडून घेतेय.

सासरे : आणि माझा पाय? तो तिच्याच कारखान्याच्या बसने मोडला ना?

सून : बस तुम्हाला शिवलीसुद्धा नव्हती, बाबा. तुम्ही गटारात उडी मारलीत.

सासरे : मारणारच! वळून बघतो तर हे एवढं थोबाड पाठीशी. ना घरघर, ना थरथर. विजेवरची बस म्हणे! कानामागून आली आणि तिखट झाली ती हीच. जन्मभर बस चालवली मी, आणि मलाच कळू नये बस आलीय?

सासू : म्हणून लगेच सरकारकडे तक्रार. सुनेच्या कारखान्याविरुद्ध.

सासरे : तक्रार बसविरुद्ध होती. सुनेविरुद्ध असती तर तुझ्याकडे दिली असती.

सून : सरकारने ऐकलीही ना ती! अशा बऱ्याच तक्रारी वर्षभर आधीपासून गेल्या होत्या, तुमची शेवटची ठरली. नियमच झाला, विजेच्या बसने हळू चालताना आवाज केलाच पाहिजे. आमचे साहेब मला घरचा भेदी म्हणत होते. 'आपण शांतता विकतो, आणि तुमचे सासरे गोंगाट मागतात!'

सासरे : मग आता कुठे गेला तो तुझा साहेब?

सून : आता नियमाच्या पाया पडतोय. परदेशातून बस घ्यायला माणसं येतायत, आणि त्यांच्याकडेही हाच नियम यायचाय. बोलणारी बस तयार असेल, तर त्यांची पहिली ऑर्डर आम्हाला. कारखान्यात दुसरी पाळी बंद करायची चाललीय, बाबा. ती माणसं वाचतील.

सासू : आणि बस अजून मुकीच.

सून : पाहुणे उद्या सकाळी येतायत, आई.

सासरे : रडू नको. लाव तिसरा.

सून : हा घ्या.

सासू : अगंबाई! कुणाच्या पोटात गुबारा धरलाय?

सून : आई!

सासरे : बरोबर बोलतेय ती. हा ऐकून माणूस रस्त्यातून बाजूला व्हायचा नाही, उलट बसला ओवा खायला देईल.

सून : मग तुम्हीच सांगा, बसने कसं वाजायला हवं?

सासरे : बसने बससारखं वाजावं. त्यात सांगायचं काय?

सून : बससारखं म्हणजे कसं?

सासरे : म्हणजे... आता गोड म्हणजे कसं, तू सांग बघू!

सासू : मी सांगते. हे कोपऱ्यावर बस वळवायचे ना, ते मला स्वयंपाकघरात कळायचं. मी चहा ठेवायचे.

सासरे : काहीतरीच. त्या कोपऱ्यावरून डझनभर बस वळायच्या.

सासू : वळत असतील. मी चहा एकाच बसला ठेवायचे.

सून : पण ओळखायचात कशी, आई?

सासू : यांची बस आधी कुरकुरायची, मग समजूत पटल्यासारखी हुंकार भरायची, आणि वळायची. कुरकुर फार असली की समजायचं, आज स्वारी तापलीय. मग साखर जरा जास्त.

सासरे : हे मला कधी बोलली नाहीस.

सासू : विचारलंत कधी? चहा प्यायचात आणि पेपरात डोकं घालायचात.

सून : बाबा, तो आवाज काढा ना तोंडाने.

सासरे : या वयात? शेंबडं पोर आहे का मी?

सासू : न्हाणीघरात रोज काढतात.

सासरे : मी गळा साफ करत असतो!

सासू : मधूनच रिव्हर्सही घेता.

सून : बाबा, दुसरी पाळी...

सासरे : बरं, बरं. दार लाव आधी, शेजारी हसतील. आणि क्लचचा पाय प्लास्टरमध्ये, त्यामुळे गिअर नीट पडायचा नाही. आधीच सांगून ठेवतो.

सासू : ही उशी घ्या. हिला क्लच समजा.

सासरे : हं. घुर्र... घुर्रर्र... ग्र्र... उंऽऽऽम्... बघ, वळतेय आता... उंऽऽऽ... खॉक्! खॉक्, खॉक्...

सासू : पाणी घ्या. हळू, हळू.

सून : झालं रेकॉर्ड! थांबा, साहेबांना पाठवते.

सासरे : अगं, खोकल्यासकट?

सून : गेलंसुद्धा.

(दुसऱ्या दिवशी, तीच खोली. सून हातात फोन घेऊन धावत येते.)

सून : बाबा, आई, ऑर्डर मिळाली!

सासरे : आवाज कुठला लावलात? बाटली की पोट?

सून : तुमचा! आहे तसाच. साफ करायला वेळच नाही झाला. पाहुणे पाठमोरे गप्पा मारत होते. मागून बस आली, घुर्र केलं, आणि सगळे मुकाट बाजूला! मग वळणावर बस खोकली, तर त्यांच्यातला एकजण दचकून तिला म्हणाला, 'सांभाळून हो!'

सासू : बसला?

सून : बसला! साहेब लाइनवर आहेत. विचारतायत, खोकला ठेवायचा का? पाहुण्यांना भारी आवडलाय. बस माणसासारखी वाटते म्हणे.

सासरे : ठेवा की! माझी सही आहे ती.

सासू : आण तो फोन इकडे. साहेब, नमस्कार. आवाज हवा तितक्या बसना द्या, यांची काही ना नाही. खोकला तेवढा काढून टाका. जन्मभर डिझेलच्या धुरात बसून लागलेला आहे तो. आमच्या घरात एक आहे, तेवढा पुरे.