बकुळाबाईनं पेटीत टाकलेला कागद

—नाही, पत्रक खिशातच राहू द्या, आधी ऐका. आईशप्पथ खरं सांगतो, याच चाळीतलं, या डोळ्यांनी पाहिलेलं—म्हणजे मी तिथं नव्हतो, मतदानाच्या पडद्याआड दुसऱ्याला सोडतात होय?—पण पाहिल्यासारखंच. बसा त्या ट्रंकेवर, खुर्चीचा पाय मोडलाय. तर तुमचा हा नवा उमेदवार सरकारला झोडपतो, सरकारला झोडपणाऱ्यांनाही झोडपतो—छान! आणि म्युनिसिपालिटीत जाऊन कुणाला झोडपणार, पाणीखात्याला? असू दे. दोन महिने झाले नाहीत, मार्चातल्या निवडणुकीला असाच एक आला होता. शिडी त्याची निशाणी. नळावर बादली घेऊन बायकांच्या मागं उभा राहिला, फोटोवाला आला, फोटो निघाला, बादली तिथंच टाकून गेला. शी! तरी लालबाग वेडं झालं त्याच्यापायी. मीही झालो. का नाही होणार? वरचे दिल्लीवाले महाराष्ट्राला मुंबई देत नव्हते, गोळ्या देत होते. त्यांच्या नाकावर टिच्चून कुणी बोललं की आम्ही टोप्या उडवायचो. बोलतो कोण, ते कोण बघतंय!

समोरच्या खोलीतली बकुळाबाई—जिन्याशी डाळ निवडत बसलेली दिसली ना, तीच. तिचा आनंदा गेल्या वर्षी जानेवारीतल्या गोळीबारात गेला. एकोणीस वर्षांचा. दूध आणायला उतरला होता, हातात लोटा. आणि सरकारी कागदावर काय लिहिलं? दंगलखोर! लोटा कुठं गेला ते कुणी लिहिलं नाही. तिचं मागणं एवढंच, की तो शब्द खोडा. दुसरं काही नको. वर्षभर कचेऱ्यांतून हिंडली—हा म्हणतो उद्या या, तो म्हणतो हे टेबल नव्हे. मग शिडीवाल्यानं भर सभेत सांगितलं, 'मायबहिणींनो, मनात जे असेल ते माझ्या पेटीत टाका, एकेक कागद मी स्वतः वाचीन!' झालं! बाईनं शेजारच्या लवूकडून अर्ज लिहून घेतला—माझा आनंदा दगड मारत नव्हता—आणि त्याला आनंदाचा फोटो टाचला. एकच होता तिच्याकडे, ठाकूरद्वारच्या स्टुडिओतला, अंगात शर्ट माझा. त्याच्याकडे धड शर्ट कुठला? मला म्हणते, "अप्पानू, तोंड बघून तेका कळतला मां?" म्हटलं, कळेल, न कळायला काय झालं!

मतदान शाळेत. टेबलावर मतपत्रिका घ्यायची, पडद्याआड जायचं, तिथं ओळीनं पेट्या, प्रत्येकीवर ज्याची त्याची निशाणी. आपल्या माणसाच्या पेटीत टाकून बाहेर यायचं. कितीसा वेळ? बकुळाबाई आत गेली ती येईचना. टेबलावरचा साहेब ओरडला, "ओ मावशी, मत देताय की नैवेद्य दाखवताय?" रांग हसली. आत ती फोटो दुमडत होती हो—पेटीची फट एवढीशी, फोटोचा पुठ्ठा जाड. घडी छातीवरनं घातली असेल तिनं, चेहऱ्यावरनं नाही, ओळखतो ना मी तिला. मग पेटीवर अबोलीचं फूल ठेवलं, हात जोडले, बाहेर आली. आणि मतपत्रिका? ती मुठीतच! घरी आणून देवामागं ठेवली. मत दिलंच नाही बाईनं.

शिडीवाला आला निवडून. मोजणीला लवू त्याचा माणूस म्हणून बसला होता. म्हणाला, पेट्यांतून तांदूळ निघाले, फुलं निघाली, एकानं शिव्या लिहून टाकल्या होत्या—मतपत्रिका तेवढ्या वेगळ्या काढल्या, बाकीचं झाडून टोपलीत. आनंदाचा फोटो दिसला म्हणून यानं टोपलीत हात घातला, तर पोलीस अंगावर आला. रिकाम्या हातानं परतला. तिला अजून सांगितलेलं नाही. कोण सांगणार? मिरवणुकीत ती मोटरीला आडवी गेली, "साहेबानू, माझो कागद?"—त्या ढोलताशात त्याला काय ऐकू जाणार? मान डोलावली, "हो माई, हो माई," आणि गळ्यातला एक हार फेकला तिच्याकडे. तेव्हापासून वाट बघतेय. आता तुम्ही कागद घेऊन जिना चढलात तेव्हा ती उठून उभी राहिली ना? पदर सारखा केला ना? तुम्हाला वाटलं, मान दिला. तिला वाटलं, शिडीवाल्याकडनं उत्तर आलं.

आणि तुम्ही म्हणता, अप्पा, तुमच्या तोंडाला गर्दी जमते, आमच्या सभेआधी दोन शब्द बोला! किळस येते हो. तुमची, त्याची—

काय? त्या सभेला तुम्ही होतात? पेटीत कागद टाका असं तो बोललाच नाही म्हणता?

...नाही बोलला. दीड तास झाला तरी त्याचा पत्ता नव्हता. बायका उठायला लागल्या होत्या, माणसं थोपवून धरायची होती—मला सुचलं, मी बोललो. गंमत म्हणून. टाळ्या पडल्या हो! बकुळाबाई पहिल्याच रांगेत होती. तेवढं एक त्याच्या नावावर ढकललं. बाकी अक्षर न् अक्षर खरं.

उठा आता. नाही, त्या जिन्यानं नको. मागच्या जिन्यानं उतरा.