ऊब लागली की टिकणारी खुर्ची

…नाही, मला सांगा, खुर्चीनं काय करायचं असतं? माणूस बसला की धरायचं, उठला की गप्प उभं राहायचं, संपली नोकरी! पण आमची मुलगी पडली रसायनवाली. प्रयोगशाळेत टरफलं काय कुटते, त्यात बुरशी काय घालते, आणि त्याच्या वस्तू करून आमच्या घरात आणून ठेवते! "कचरा उरताच कामा नये, बाबा. वापर आहे तोवर वस्तू, वापर संपला की माती, मातीतून रोप, रोपातून पुन्हा वस्तू." म्हटलं, बाई गं, वापर संपला हे त्या वस्तूला कोण सांगणार? तर म्हणते कशी, "अंगाची ऊब लागत राहिली की टिकतं, बाबा. चाळीस दिवस नाही लागली, की भुगा."

आणि होतो हो भुगा! आधी छत्रीची मूठ गेली. मग पाहुण्यांचं स्टूल गेलं, म्हणजे चाळीस दिवसांत आमच्याकडे कुणी फिरकलं नाही, हे असं जमिनीवर सांडलेलं बघावं लागलं. राहिल्या लेकीनंच केलेल्या, खिडकीतल्या दोन खुर्च्या. एक माझी, एक बायकोची. तिचा दंडक, "अहो, माझ्या खुर्चीत टेकायचं नाही हं, तुम्ही बसलात की ती कलते."

मग ती गेली. म्हणजे खुर्ची नाही हो… ही.

मुलीचा फोन. "बाबा, रोज पाच मिनिटं आईच्या खुर्चीत बसा, नाहीतर तीही जाईल." तुम्हाला सांगतो, तिची म्हणून घरात तेवढीच तर उरली होती! दुसऱ्याच दिवशी दुपारी चारला, चहाचा कप घेऊन, मनातल्या मनात तिची माफी मागून टेकलो… आणि ताडकन उठलो. गरम होती! कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी. मुलगी म्हणते, "ऊन आलं असेल." अगं, उत्तरेची खिडकी, तिथे ऊन कुठलं?

परत बसायची छाती होईना, आणि खुर्ची जाऊ द्यायचीही होईना. मग काय, पहिले दोन दिवस माझ्या खुर्चीतून, नंतर समोर जमिनीवर बसून पहारा! चहा तिथे, जेवण तिथे, कॅलेंडरवर रोज एक फुली. एकोणचाळीस. चाळीस. एकेचाळीस… तिला धक्का नाही. उलट बैठकीचा खळगा ताजा, जरा डावीकडे झुकलेला. ती तशीच बसायची. अंगाची ऊब लागत राहिली की टिकतं, बाबा… अहो पण कुणाची?

बेचाळिसाव्या दिवशी, बरोबर चारला, फस्सकन आवाज झाला. मी डोळे गच्च मिटले. म्हटलं, गेली. उघडून बघतो तर तिची शाबूत, आणि माझी… ढिगारा! मुलगी फोनवर विचारते, "तुम्ही तुमच्या खुर्चीत बसत नव्हता का?" कधी बसणार? चाळीस दिवस जमिनीवर होतो ना मी!

भुगा कुंडीत घातलाय. रोप येईल, खुर्ची होईल, म्हणते पोरगी, दोन वर्षं धरा. तोवर तुम्हीच सांगा, गुडघे धरून मी बसू कुठे? घरात खुर्ची उरलीय एक. आणि ती काही रिकामी नाही.