काळा गॉगल

आमच्या संदीपचं सांगतो तुम्हाला. पुण्यात नोकरीला आहे. मेढ्याला वर्षातून दोनदा येतो, पण मोबाईलवर गावाच्या आठवणीनं रोज रडतो. परवा आला आणि टेकायच्या आधीच म्हणाला, "आई, परसातली चूल पेटव. तू भाकरी थाप, मी व्हिडिओ काढतो."

त्याची आई, म्हणजे आमच्या काकी, म्हणाल्या, "आरं, भाकरी मी गॅसवर करती. ती चूल आंघोळीच्या पाण्याची हाय."

"गॅसवरची भाकरी कोण बघणार?" असं म्हणत यानं स्वतःच चूल पेटवली. परसात नुसता धूर झाला. काकी तोंडाला पदर लावून बसल्या. यानं मोबाईल रोखला.

"आई, तो काळा गॉगल काढ की. गावाकडचं वाटत नाही."

"न्हाई बाबा. डॉक्टरनं काढू नगा म्हणून सांगितलंय."

"कुठला डॉक्टर?"

साताऱ्याला काकींना मीच घेऊन गेलो होतो. मी तोंड उघडलं, तर काकींनी हातानंच मला गप्प केलं.

"मोतीबिंदूचं आपरेशन झालं न्हवं का," त्या म्हणाल्या. "तुला फोनवर सांगितलं व्हतं की. तू 'मस्त, मस्त' म्हणालास."

संदीपनं मोबाईल खिशात घातला आणि बादलीभर पाणी आणून चुलीत ओतलं. सगळा धूर त्याच्याच तोंडावर आला. बराच वेळ डोळे चोळत उभा होता.

काकी उठून जवळ गेल्या. म्हणाल्या, "चोळू नगंस रं. लय तरास व्हतो, मला ठावं हाय."